क्षमा न मागण्याचं औषध

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि प्रांताच्या आरोग्याधिकारी डॉ. सिरिकान; व्यासपीठावर विराजमान असलेले पूज्य भन्ते; आज सेवेतून निवृत्त होत असलेले आपले वैद्यकीय अधीक्षक डॉ. विरोत, नवजात विभागाच्या मुख्य परिचारिका बुप्पाताई, माझ्यासारखेच आज मोकळे होणारे रुग्णवाहिकेचे चालक पुनकाका आणि स्वयंपाकघराच्या लमाईमावशी, गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, माझे सहकारी, आणि आत खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभं राहणं पसंत करणारे आपण सर्व.

आपल्या सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला माईक देताना कानात सांगितलं, "आचान, गोड बोला." मी इथली मानसशास्त्रज्ञ; सगळं रुग्णालय मला आचान म्हणतं, म्हणजे गुरू. हा मान आहे की अंतर ठेवण्याची युक्ती आहे, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पण गोड बोलण्याचं काम मी कधीच केलं नाही. त्यासाठी लमाईमावशींचा नारळाच्या दुधातला भोपळा आहे, तो जेवणात आहेच. मी माझं नेहमीचं बोलते.

अधीक्षकसाहेब, पुनकाका, लमाईमावशी आणि मी, आम्ही चौघे आज साठीचे झालो म्हणून निवृत्त होतो आहोत. आमच्यात सगळ्यात जास्त लोकांना पुनकाकांनी वाचवलं. त्यांच्या गाडीत बसलेला प्रत्येक रोगी देवाचं नाव घेत घेत इथवर पोचला. हसा, हसा, काकाही हसताहेत.

अधीक्षकसाहेबांबद्दल चार शब्द बोलावेत अशी मला विनंती आहे. ते शब्द मी मनापासून बोलते. आपला नवजात विभाग या माणसाने उभा केला. त्याआधी या डोंगरात कमी दिवसांचं मूल जन्मलं की त्याला टॉवेलात गुंडाळून घाट उतरावा लागायचा, आणि पायथ्याशी पोचेपर्यंत टॉवेल थंड झालेला असायचा. साहेब तेव्हा तरुण होते. अशी मुलं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेऊन नेली आहेत आणि रिकाम्या हातांनी परतही आले आहेत. ते कोणी विसरू नये. मी विसरलेली नाही. मी पुढे जे बोलणार आहे, त्यातला बराचसा भाग त्या मांडीवरून सुरू होतो, असं माझं मत आहे.

आता दुसऱ्या एका व्यक्तीबद्दल.

आपल्याकडे नित नावाची परिचारिका आहे. तुम्ही तिला ओळखता. आज ती कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालते. त्याआधी ती नवजात विभागात होती. तिची गोष्ट इथे प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येकाला चुकीची माहीत आहे. रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगणं माझ्या पेशाला शोभत नाही, हे मला शिकवायला कोणी उठू नका. तिची परवानगी आहे. नुसती परवानगी नाही, तिनेच सांगितलं आहे. ती म्हणाली, "आचान, तुम्हीच बोला. मी उभी राहिले तर सुरुवातच क्षमा मागून करेन."

नित या विभागात आली तेव्हा बुप्पाताई मला म्हणाल्या होत्या, "आचान, या पोरीच्या हातात बाळ झोपतंच. हातात द्यायचा अवकाश." हे बुप्पाताईंचे शब्द आहेत. खरं ना ताई? मान हलवा, लाजू नका.

मग एक दिवस ती एका बाळाला आंघोळ घालत होती. कोमट पाणी, एक हात मानेखाली, सगळं रोजच्यासारखं. आणि मनात एक वाक्य आलं: सोड हात.

एवढंच. दोन शब्द. हात सुटला नाही. सुटणारही नव्हता. पण ती स्वतःलाच विचारू लागली: असं माझ्या मनात आलंच कसं? मी कोण आहे?

इथे मी सभागृहाला एक प्रश्न विचारते. पुलाच्या कठड्याशी उभं असताना "उडी मारली तर?" असं ज्यांच्या मनात कधीच आलं नाही, त्यांनी हात वर करावा. भन्ते प्रवचन करत असताना मध्येच काहीतरी ओंगळ ओरडावंसं ज्यांना कधीच वाटलं नाही, त्यांनी करावा. भाजी चिरताना सुरीकडे पाहून, रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन जिन्यावर उभं असताना... राहू द्या. कोणी हात वर करत नाही, म्हणजे सभागृह प्रामाणिक आहे. असा कचरा सगळ्यांच्या मनात येतो. तुमच्याआमच्या मनात तो येतो आणि आपण "श्शी" म्हणून पुढे जातो. काहींना पुढे जाता येत नाही. त्यांना वाटतं, आलं म्हणजे मला तसं हवं आहे. आलं म्हणजे मी केल्यासारखंच आहे. मग ते त्या विचाराला पुसायला काहीतरी करतात. पुसलं की घटकाभर बरं वाटतं. मग तो दुप्पट होऊन येतो. मग पुन्हा पुसायचं. याला मंत्रचळ म्हणतात. तुम्हाला वाटतं मंत्रचळ म्हणजे हात धूत बसणारी माणसं. नितने हात धुतले नाहीत. तिने हात जोडले.

आंघोळ झाली की ती त्या बाळासमोर गुडघे टेकून, तळवे जोडून क्षमा मागू लागली. मग बाळाच्या आईची. मग बुप्पाताईंची. मग दार जोरात लागलं म्हणून दाराची.

आणि आपण काय केलं? दुसऱ्या एखाद्या देशात कोणीतरी विचारलं असतं, बाई, तुला झालंय काय? आपण तिचं कौतुक केलं. मोठ्यांपुढे वाकणारी, पावलोपावली क्षमा मागणारी तरुण मुलगी, आणखी काय हवं! बायका आपल्या सुनांना म्हणायच्या, "त्या नर्सबाईंकडे बघ जरा. शीक काहीतरी." त्या वर्षीचा शिष्टाचाराचा पुरस्कार नितला मिळाला. अधीक्षकसाहेबांनी याच व्यासपीठावर तिच्या खांद्यावर फीत घातली. फोटोत ती साहेबांपुढे इतकी वाकली आहे की तिचा चेहराच दिसत नाही. तो फोटो बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर कितीतरी दिवस होता. आम्ही एका आजाराला फीत घातली आणि भिंतीवर टांगलं. मीही रोज त्या फोटोखालून गेले. माझ्या खोलीचं दार तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

मग सोंगक्रानचा, आपल्या थाई नववर्षाचा सण आला.

त्या दिवशी आपण काय करतो, ते तुम्हाला मी काय सांगायचं. चांदीच्या भांड्यात शिकेकाईच्या शेंगा आणि मोगऱ्याच्या पाकळ्या घातलेलं पाणी, धाकट्यांनी ते मोठ्यांच्या तळहातावर घालायचं, आणि म्हणायचं: कृतीने, वाणीने, मनाने, जाणता अजाणता जो काही अपराध घडला असेल त्याची क्षमा असावी. मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. पुढचा माणूस येतो. कृतीने, वाणीने, मनाने. आपण हे शब्द लहानपणापासून इतके म्हटले आहेत की त्यांना आता अर्थ उरला नाही, फक्त चाल उरली आहे.

नितने अर्थ घेतला. "मनाने" या शब्दापाशी ती थांबली. नुसतं "मनाने" म्हणून चालणार नाही, काय ते सांगितलं नाही तर क्षमा खोटी ठरेल, असं तिला वाटलं. मंत्रचळ असाच वकिलासारखा बारीक वाद घालतो. साहेबांच्या हातावर पाणी पडत होतं आणि ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "साहेब, बाळाला आंघोळ घालताना माझ्या मनात येतं की हात सोडावा. आणि आत्ता माझ्या मनात आलं की हे भांडं तुमच्या डोक्यात घालावं. क्षमा करा."

पुनकाका, आज हसता आहात. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं.

साहेबांनी हात मागे घेतले. उरलेलं पाणी सतरंजीवर पडलं. सण संपायच्या आत तिला नवजात विभागातून काढलेलं होतं. त्यानंतर ती बाळांच्या चादरी धुवायला आणि घडी करायला गेली. तिची चादर बाळाच्या अंगाखाली चालते. तिचा हात चालत नाही.

साहेब, तुम्ही घाबरलात हे मला समजतं. दुसऱ्याची मुलं तुमच्या ताब्यात होती. पण तीस वर्षं डॉक्टर असलेल्या माणसाने एक प्रश्न विचारायला हवा होता: हा विचार तुला आवडतो का? जो खरंच इजा करणार असतो तो आपल्या विचाराची क्षमा मागत फिरत नाही. हिला त्या विचाराची इतकी शिसारी होती की ती दाराचीही माफी मागत होती. तुम्ही विचार ऐकलात, शिसारी पाहिली नाहीत. या रुग्णालयात त्या बाळांना सर्वात कमी धोका जिच्या हातून होता, नेमकं तिलाच बाहेर काढलंत.

तिला शुद्धीसाठी विहारात पाठवलं गेलं. भन्ते, तुम्ही तिच्यावर मंत्राचं पाणी शिंपडलंत. करुणेनेच केलंत. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा दारात. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भिक्षेची फेरी थांबवून तुम्ही पाणी शिंपडत होतात. शेवटी मी येऊन सांगितलं, "भन्ते, तुमचं पाणी तिचं व्यसन झालंय." तुम्ही हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलंत. मग विचारलंत, "मी नाही म्हटलं तर ती रडेल?" मी म्हटलं, "रडेल." तुम्ही म्हणालात, "आणि मी काय करायचं?" मी म्हटलं, "झाडलोट." तुम्ही ते केलंत. ती पायरीवर रडत होती आणि तुम्ही अंगण झाडत होतात. एका भिक्षूला ते किती जड गेलं असेल, ते मी जाणते. त्याबद्दल आज जाहीर आभार.

ती पहिल्यांदा माझ्या खोलीत आली तेव्हा खुर्चीवर बसल्याबद्दल तिने खुर्चीची क्षमा मागितली. मग माझी.

"माझी कशाला?"

"आचान, मनात काहीतरी आलं. तुमच्याबद्दल."

"काय आलं?"

"नाही सांगत. पाप लागेल."

"सोंगक्रानला सगळ्या गावासमोर सांगितलंस. आता एका म्हातारीला सांगायला काय झालं?"

ती खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या नाकात पेन खुपसावं."

"निळं की लाल?"

"...निळं."

मी टेबलावरचं निळं पेन तिच्या हातात दिलं, खुर्ची पुढे ओढली आणि चेहरा जवळ नेला. आम्ही दोघी अशा बसलो. ती पेनाकडे बघत होती. मला शिंक येत होती. माझ्या नाकाला काहीही झालं नाही, आपण पाहताच आहात.

उपचार हाच. त्यात जादू काही नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ जायचं, आणि ज्याने बरं वाटतं ते करायचं नाही. विचार आला की येऊ द्यायचा. क्षमा मागायची नाही. मोठ्याने नाही, मनात नाही, तळव्यांनी नाही, डोळ्यांनी नाही. भीती चढते, चढते, आणि तिला काही खायला दिलं नाही की आपली आपण उतरते. प्रांताच्या डॉक्टरांच्या गोळ्याही होत्या, त्यांनीही मदत झाली. त्या ती आजही घेते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आधी नव्या आयांना शिकवायची रबराची बाहुली घेऊन तिने तिला आंघोळ घातली, आणि घालताना मोठ्याने म्हणायची: हात सोडेन, हात सोडेन. मग तिच्या बहिणीचं मूल. बहीण न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहिली, कारण मी तिला आत जाऊ दिलं नाही. बहीण मला काय काय म्हणाली ते मी इथे भन्तेंसमोर सांगत नाही.

अवघड नित नव्हती. अवघड तुम्ही होतात. तुम्ही सगळी फार चांगली माणसं आहात. ती कुठेही हात जोडून उभी राहिली की तुम्ही म्हणणार, "असू दे गं, काही नाही." कपडे धुणाऱ्या बायका म्हणणार, "जा पोरी, क्षमा केली." तुमचा एकेक दयाळू शब्द म्हणजे तिच्या आजाराला एकेक घास. मी बुप्पाताईंना बजावलं की क्षमा करायची नाही.

ताई म्हणाल्या, "आचान, पोर हात जोडून समोर उभी असते. मी काय भिंतीकडे बघू?"

"हो. भिंतीकडे बघा."

"आणि ती म्हणाली, ताई, माझ्या हातून काही होणार नाही ना? तर?"

"तर म्हणा, माहीत नाही बाई. होईल, नाहीही होणार."

"असं म्हणू? तोंडावर? मला पाप लागेल!"

"लागू द्या. निवृत्तीनंतर फेडा."

ताईंनी ते केलं. ज्या बाईने जन्मात कोणाला उलट उत्तर दिलं नाही, ती रोज कपड्यांच्या खोलीत जाऊन म्हणायची, "माहीत नाही बाई," आणि परत येऊन औषधांच्या कपाटामागे रडायची. नित बरी झाली त्यात माझ्याइतकाच ताईंचा वाटा आहे. त्याबद्दल त्यांना कोणी फीत घातली नाही.

आणि ती बरी झाली. बरी म्हणजे काय, तेही सांगते, कारण इथेच सगळं अडलं आहे. विचार येणं थांबलं नाही. मी एकदा विचारलं, "येतात का अजून?" ती चादर झटकत म्हणाली, "येतात की. दाराशी उभे राहतात. मी काही चहा विचारत नाही." बरं होणं म्हणजे हे. "माझ्या हातून कधीच काही होणार नाही," अशी खात्री तिला मिळाली नाही. ती कोणालाच मिळत नाही. त्या खात्रीशिवाय जगायला ती शिकली. बहिणीचं मूल आता तिच्याच हातची आंघोळ मागतं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "नितला परत घ्या."

साहेब म्हणाले, "आचान, एकदाच सांगा. ती काही करणार नाही ना? शंभर टक्के?"

"सर, शंभर टक्के मी तुमचंही सांगू शकत नाही."

"चेष्टा नको. अजून विचार येतात तिला?"

"येतात. तुम्हाला नाही येत?"

साहेबांनी समोरची फाईल उघडली. पण पुढच्या आठवड्यात साहेब माझ्या दारात. "आचान, नक्की ना?" त्याच्या पुढच्या आठवड्यात जेवणाच्या रांगेत, हातात चिकट भाताची टोपली. "आचान, मी काल पुन्हा विचार केला. समजा, फक्त समजा..." मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागवलं. ते माझ्यासारखंच आलं. मग तिसऱ्यांचं. तेही तसंच. घटकाभर साहेबांना बरं वाटायचं, मग पुन्हा "नक्की ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मी आधी ऐकलेला आहे. शब्द न् शब्द ओळखीचा होता. फक्त विचारणारी तेव्हा कपड्यांच्या खोलीत असायची. रोगी बरा झाला होता आणि रोग वरच्या मजल्यावर जाऊन बसला होता. आणि साहेबांना म्हणायची हिंमत मी केली, "माहीत नाही, सर. होईल, नाहीही होणार." नितने ते उत्तर सहन केलं. साहेबांना ते सहन झालं नाही. नवजात विभागात आज परिचारिकांच्या जागा रिकाम्या आहेत. कमी दिवसांची मुलं पुन्हा घाट उतरू लागली आहेत. टॉवेल कोणता, ते तुम्हाला माहीत आहे. नितने घडी केलेला.

माझी पाच मिनिटं कधीच संपली, सूत्रसंचालक घड्याळ दाखवताहेत. दाखवू देत. आता मुद्द्यावर येते, आणि मग जेवण.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. चहा दिला. त्यांचा चेहरा मऊ झाला होता, निवृत्त होणाऱ्या माणसाचा होतो तसा. म्हणाले, "आचान, मला हे असं अर्धवट सोडून जायचं नाही. एक मार्ग आहे. समारंभाच्या शेवटी आपल्या हातावर पाणी घालतील ना, तेव्हा नितला वर येऊ दे. सगळ्यांसमोर माझ्या हातावर पाणी घालू दे, मनातल्या अपराधाची क्षमा मागू दे, आणि असं पुन्हा मनात येणार नाही एवढं म्हणू दे. मी तिथल्या तिथे तिला नवजात विभागात परत घेतल्याचं जाहीर करतो. अध्यक्षा समोर असतील. लोकांचं समाधान, माझं समाधान, तिचंही समाधान."

मी म्हटलं, "सर, दारू सुटलेल्या माणसाला तुम्ही म्हणता आहात, एक पेला घे, मग कामावर ये."

साहेब दुखावले. म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे, आचान. आपल्याकडे लहान मूलसुद्धा क्षमा मागतं. त्यात कमीपणा कसला?"

त्यांनी हे सापळा म्हणून मांडलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. सापळा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना तिच्यावर दयाच करायची होती. आपल्या माणसांची हीच तर रीत आहे, दया करून माणूस बुडवायचा.

मी नितला निरोप पोचवला. कपडे वाळत घालायच्या अंगणात. ती ओल्या चादरीच्या पलीकडे होती, मला फक्त पाय दिसत होते.

पाय म्हणाले, "म्हणजे पाणी घातलं की मी परत बाळांत?"

"हो. साहेब शब्द पाळतील."

"फक्त दोन वाक्यं?"

"दोन."

"आचान, मी काय करू?"

"मी सांगणार नाही."

"का?"

"कारण मी सांगितलं तर तू उद्या पुन्हा विचारायला येशील."

चादरीमागून ती म्हणाली, "तुम्ही फार वाईट बाई आहात."

"असेन, नसेन. माहीत नाही."

यावर ती हसली की रडली, ते मला चादरीतून कळलं नाही. आठवडाभर मी तिला भेटले नाही. कपड्यांच्या खोलीतल्या बायका मात्र तिच्या मागे लागल्या होत्या: "घाल गं पाणी. तोंडाने म्हणायचं, मनाने कशाला म्हणायचंय!" तिला मोह झाला नसेल असं समजू नका. तिला बाळांशिवाय दुसरं काही काम आवडत नाही. तिने केसात माळायला मोगरासुद्धा आणून ठेवला होता.

आज सकाळी ती माझ्या खोलीत आली. मी खोके भरत होते. खुर्चीची क्षमा न मागता बसली. म्हणाली, "साहेबांच्या हातावर पाणी घालणार नाही. मी काही केलेलं नाही, आचान. आज त्यांची क्षमा मागितली तर उद्या दाराची मागावी लागेल, परवा चमच्याची. मग बाळं मिळूनही माझे हात मोकळे कुठे राहतील? जोडलेलेच." मग उठून म्हणाली, "आणि पुन्हा मनात येणार नाही, असं मी कशाला सांगू? येणार आहे."

साहेब, म्हणून हे सगळं. तुम्ही हात पुढे करून वाट पाहत बसाल आणि चारचौघांत अवघडाल, ते मला नको होतं. नित शेवटच्या रांगेत बसली आहे. ती बसूनच राहणार आहे. तिच्या शेजारच्यांना माझी विनंती आहे: तिला कोपराने ढोसू नका, "जा गं, दोन मिनिटं," म्हणू नका, आणि मागे वळून पाहू नका. आत्ता पाहताय तसं.

तुमच्या अटीवर ती परत येणार नाही. तुमची खुर्ची उद्या ज्यांच्याकडे जाईल, त्यांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "आधीच्या साहेबांनी नाही घेतलं म्हणजे काहीतरी असेलच ना?" तेव्हा उद्याही ती चादरींच्याच घड्या घालेल, हे आपण धरून चालू. अध्यक्षांनी हे सगळं ऐकलं आहे. त्या काही करतील की नाही, मला माहीत नाही. साहेब, तुमच्या हातात आजचा दिवस अजून आहे. अट न घालता तुम्ही तिला परत बोलावू शकता. खात्री मात्र मिळणार नाही. ती न मिळता निर्णय घ्यावा लागेल, तुम्ही त्या मांडीवरच्या मुलांच्या वेळी घ्यायचात तसा. नाही घेतलात, तर ते ओझं घरी घेऊन जा. ते उतरवायला आम्ही कोणी येणार नाही.

या रुग्णालयाने मला काम दिलं, एक खोली दिली, आणि तिच्या दारावर 'मनाचे आजार' अशी पाटी नको म्हणून वर्षानुवर्षं भांडण दिलं. सगळ्याबद्दल आभार. लमाईमावशींचे विशेष आभार. मी जेवायला उशिरा आले तरी त्यांनी माझी ताटली झाकून ठेवली आणि तोंडाने शिव्या दिल्या, दोन्ही अगदी वेळेवर. अध्यक्षांनी माझं लांबलेलं बोलणं मध्ये न थांबवता ऐकून घेतलं, त्यांचेही आभार.

माझ्या हातून कोणाचं काही चुकीचं झालं असेल, माझ्या जिभेने कोणाला दुखावलं असेल, आणि आज तर नक्कीच दुखावलं असेल, तर त्याबद्दल मला क्षमा करा. मनात मी तुमच्याबद्दल काय काय आणलं, त्याची क्षमा मी मागत नाही. तुम्हीही माझ्याकडे मागू नका.

आता पाण्याची भांडी आणा. साहेब, हात पुढे करा, पहिलं पाणी मी घालते. बाकीच्यांनी एकामागे एक रांगेत यावं, ढकलाढकली न करता. नितसाठी जागा ठेवू नका.